रंभाबाईचं मत

रंभाबाई पहिल्यांदा मत द्यायला गेली तेव्हा प्रवीण कडेवर होता. शाळेच्या व्हरांड्यात रांग लागलेली. कोणत्या चित्रावर शिक्का मारायचा ते सासऱ्यानं आदल्या दिवशीच घरातल्या बायांना सांगून ठेवलं होतं. रंभाबाईनं तसाच मारला आणि घरी येऊन चुलीवर भात मांडला. पुढची वीसेक वर्षं, सासरा गेल्यावरही, ती त्याच चित्रावर शिक्का मारत राहिली. हेच चित्र का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. घरची विहीर असताना पाणी कुठून आणता असं कुणी विचारतं का, तसंच ते.

भिवटोला हे तिचं सासर. नागभीडहून भिवापूरकडे जाताना मोठ्या कालव्याच्या अलीकडे रस्ता आत वळतो, तिथं. घराला दोन एकराची धानाची बांधी, दाराशी तणसाचा ढीग, मागं जंगल. दिवस कलायच्या आत बायामाणसं जंगलातून परत येतात, कारण वाघ आता गावाच्या अगदी जवळ फिरतो. तिचा नवरा मुखरू कामाला खंदा होता. बांधीची चिखलणी अशी करायचा की शेजारचे पाहायला यायचे. पण सकाळचा मुखरू एक आणि दिवेलागणीनंतरचा दुसरा. दुसऱ्या मुखरूनं किती भांडी फोडली आणि किती वेळा तिला अंगणात काढलं, हे ती कुणाला सांगत नसे. सगळ्या आळीला ऐकूच जायचं.

सासू मात्र तिच्या बाजूची. ती चिमूरकडची, आणि बेचाळीसच्या साली तिचा बाप तुरुंगात गेला होता. धान निवडता निवडता ती सुनेला ते सांगायची. "लोकं निगाले का सरकार वाकते, पोरी. साहेबाचं सरकार वाकलं, तं हे तं आपलंच आहे." रंभाबाई हो म्हणायची. सरकार हे तिच्यासाठी तेव्हा नागभीडच्या तहसीलमधल्या पंख्याखाली बसलेला माणूस होतं. त्याला वाकवून काय करायचं, हे तिला कळत नव्हतं.

ते कळलं दोन हजार दहा साली. जिल्ह्यातली दारू बंद करा म्हणून गावोगावच्या बाया उठल्या होत्या. चिमूरहून नागपूरला, हिवाळी अधिवेशनावर, पायी मोर्चा निघणार होता. भिवटोल्यात मारुतीच्या देवळापुढं बैठक झाली. रंभाबाई मागं बसली होती, खांबाला टेकून. तेव्हा तिचं वय पंचेचाळीसच्या आसपास. तिच्या शेजारी गिरजाबाई बसली होती. गिरजाबाईचा नवरा आदल्या वर्षी पिऊन बोडीवर हातपाय धुवायला गेला आणि तिथंच बुडाला. गुडघ्याएवढं पाणी होतं. डोमा नावाचा एक मुलगा, सोळा वर्षांचा, तेवढाच तिच्यामागं राहिला होता. कोण येणार म्हणून विचारलं तेव्हा गिरजाबाईनं हात वर केला आणि दुसऱ्या हातानं रंभाबाईचाही हात धरून वर केला.

निघायच्या सकाळी मुखरू तणसाच्या ढिगाजवळ बसून विळ्याला धार लावत होता. रंभाबाईला वाटलं, आता हा अडवणार. त्यानं विळा खाली ठेवला, घरात गेला, आपली घोंगडी घेऊन आला आणि तिच्या हातात दिली.

"जा," तो म्हणाला. "माह्याच्यानं तं सुटत नाई. सरकारच्यानं सुटत असंन तं पाय."

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यानं तिच्याशी बोललेलं हे सर्वांत खरं वाक्य होतं. ते तिनं कित्येक दिवस मनात घोळवलं.

चालून चालून पाय सुजले, टाचा फुटल्या. गिरजाबाईला वाटेत ताप भरला, तरी ती जीपमध्ये बसायला तयार होईना. नागपूरला पोचल्यावर रंभाबाईनं मागं वळून पाहिलं. रस्ताभर बायाच बाया. लुगडी, नऊवारी, पाचवारी, कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या डोक्यावर गाठोडं. पुढं पोलिसांनी बांबू बांधून केलेली अडवण, आणि पलीकडं विधानभवनाची मोठी इमारत. सासू सांगायची ते खोटं नव्हतं, हे तिला त्या रस्त्यावर पटलं. ती ओरडू लागली. तिचा आवाज इतका मोठा आहे हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या निवडणुकीत तिनं मुखरूला सांगून टाकलं, "मी माह्या मनानं टाकीन." मुखरू म्हणाला, "टाक." जो दारूबंदी करीन म्हणेल त्याला मत, एवढं साधं तिचं राजकारण झालं. त्यात खोट नव्हती आणि शंकाही नव्हती. प्रवीणचं लग्न झालं, चंचल सून म्हणून घरी आली, तर तिलाही तिनं हेच शिकवलं. "आपलं मत म्हणजे सरकारच्या कानात बोट आहे. घातलं का ते वळून पायते."

दोन हजार पंधराच्या एप्रिलमध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. भिवटोल्यात गूळ-खोबरं वाटलं. रंभाबाई आणि गिरजाबाई घरोघरी गेल्या, आणि ज्या बायांनी पाच वर्षांपूर्वी "मोर्च्यानं का होते" म्हणून नाक मुरडलं होतं, त्यांनीही त्यांना पाटावर बसवलं.

मुखरूला पहिले पंधरा दिवस फार जड गेले. हात कापायचे, अंगाला दरदरून घाम यायचा, रात्री बडबडायचा. रंभाबाई त्याला पेज पाजायची. मग हळूहळू तो वर आला. त्या वर्षीच्या रोवणीत तो पहाटे बांधीवर असे, संध्याकाळी घरी येऊन ताटावर बसे, आणि जेवताना बोलत असे. एवढा बोलणारा माणूस आपल्या घरात राहत होता, याचं तिला नवल वाटायचं. लहानग्या दिव्यानीला, प्रवीणच्या मुलीला, खांद्यावर बसवून तो गावभर फिरवायचा. ते चार-पाच महिने रंभाबाईच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. तेव्हा ती भेटेल त्याला सांगायची, "कायदा पायजे. कायद्याबिगर माणूस सुधरत नाई."

भाताला ओंब्या आल्या त्या सुमाराला दारू परत आली. फक्त आता ती दुकानातून येत नव्हती. कालव्याच्या पलीकडं, जिल्ह्याची हद्द ओलांडली की ती मिळायची, आणि तिथून पोत्यात, दुधाच्या कॅनमध्ये, मोटरसायकलच्या सीटखालून गावात यायची. महाग झाली होती आणि कशात काय मिसळलंय याचा नेम नव्हता. मुखरू एका संध्याकाळी उशिरा आला आणि ताटावर बसला नाही. रंभाबाईनं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं गावातल्या बायांचं पथक उभं केलं.

पथकात गिरजाबाई होतीच. काठ्या घेऊन दहा-बारा बाया पांदणीवर, कालव्याच्या पुलावर बसायच्या. पकडलं की माल फोडायचा आणि माणूस पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. आजूबाजूच्या गावांत त्यांचं नाव झालं. रंभाबाईची भीती बसली, आणि खरं सांगायचं तर ती भीती तिला आवडू लागली होती.

दुसऱ्या हिवाळ्यात, धान चुरण्याच्या दिवसांत, दुपारच्या उन्हात पुलावर एक मोटरसायकल अडवली. मागं कोंड्याची दोन पोती. चालवणाऱ्यानं तोंडाला दुपट्टा बांधला होता, पण तो काढायची गरजच पडली नाही. डोमा होता. गिरजाबाईचा डोमा, बावीस वर्षांचा. रोज पहाटे तो याच कालव्याच्या काठानं पोलीस भरतीसाठी धावायचा.

एका बाईनं पोत्यात हात घातला. बाटल्या वाजल्या.

"काकू, जाऊ द्या," डोमा म्हणाला. तो रंभाबाईकडं पाहत होता, आईकडं त्याला पाहवत नव्हतं. "माल माहा नाई. नानाजीभाऊचा आहे. मी नुसता नेऊन देतो."

नानाजी गावातलाच. राइस मिल, दोन ट्रॅक्टर, पांढरी गाडी. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटक आणायचा खर्च दरवर्षी तोच करायचा.

रंभाबाईनं मागं पाहिलं. गिरजाबाई काठी धरून उभी होती. बाकीच्या बाया जमिनीकडं पाहत होत्या.

"तुह्या मनानं कर, रंभे," गिरजाबाई म्हणाली.

रंभाबाईच्या मनात तेव्हा एकच होतं. आज आपला म्हणून सोडला, तर उद्या दुसऱ्याचा कोणत्या तोंडानं धरायचा. कायदा मागायला आपण एवढं चाललो, तो कायदा आपल्याच आळीत येऊन थांबला तर तो कायदा कसला. तिनं पदराच्या गाठीतून फोन काढला आणि ठाण्यात लावला.

डोमा दीड-दोन महिने आत होता. सुटून आला, पण केस राहिली आणि भरती गेली. तो पहाटे धावायचा बंद झाला. आईशी बोलत नसे, कुणाशीच बोलत नसे. उन्हाळ्याच्या तोंडावर गावातल्या टोळीबरोबर तो तेलंगणात मिरची तोडायला गेला. टोळी परत आली, डोमा आला नाही. खम्ममकडं कुठल्याशा गोदामात कामाला लागलाय, एवढंच कळलं.

गिरजाबाईनं भांडण केलं नाही. ती पथकात यायची थांबली, बस. हातपंपावर गाठ पडली तर ती आपली घागर बाजूला सरकवून रंभाबाईला आधी भरू द्यायची. रंभाबाईला वाटायचं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नानाजीचं नाव घेऊन रंभाबाई ठाण्यात गेली. चहा मिळाला. दुसऱ्यांदा गेली, तिचं म्हणणं लिहून घेतलं. तिसऱ्यांदा एका शिपायानं तिला दाराबाहेर आणून हळूच सांगितलं, "बाई, पुरावा लागते. तुमी काऊन चकरा मारून राह्यल्या?" त्या वर्षी मंडईच्या मंडपावर नानाजीचं नाव नाटकाच्या नावापेक्षा मोठं होतं. रंभाबाई नाटकाला गेली नाही. पथक मोडलं असं कुणी जाहीर केलं नाही. एकेक बाई पुलावर यायची राहिली. शेवटी रंभाबाईही राहिली.

मुखरूचं पोट फुगलं ते दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात. दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून ती त्याचे पाय चेपत होती. तो छताकडं पाहत म्हणाला, "सरकारच्यानंही नाई झालं व." ती पाय चेपत राहिली. त्यानंतर तो आठवडाभर होता.

दोन वर्षांनी सरकारनं जिल्ह्यातली बंदी उठवली. नागभीडच्या बाया जीप घेऊन रंभाबाईच्या दारी आल्या. कलेक्टर हापिसावर जायचं होतं, तिनं पुढं चालावं असं त्यांचं म्हणणं.

"मी नाई येत," ती म्हणाली.

"काऊन वो बाई? तुमीच असं म्हटलं तं—"

"माहा भरोसा उडाला." हे ती रागानं बोलली नाही. दुखतंय का विचारल्यावर नाही सांगावं, तशी बोलली. त्या बायांना तिनं चहा पाजला आणि वाटेला लावलं.

पुढच्या निवडणुकीत तिनं यंत्रावरचं सर्वांत खालचं बटण दाबलं, कुणालाच नाही म्हणणारं. कुणी विचारलं तर ती सांगायची, "सरकार तिकडं, आपण इकडं. मधात पूल नाई." प्रवीण हसायचा. तो आता एका पक्षाचा गमछा गळ्यात घालून फिरत होता. पंचविशीत ज्याला निवडणूक कधी आहे तेही माहीत नसे, तो पस्तिशीत टीव्हीसमोर बसून तावातावानं वाद घालायचा. माणसं अशी उलट्या वाटांनीही जातात. रंभाबाई त्याच्याशी वाद घालत नसे.

नानाजीनं देशी दारूच्या दुकानाचं लायसन मिळवलं. ज्याच्या मालापायी डोमा आत गेला, त्याचंच दुकान गावाच्या वेशीवर पाटी लावून उभं राहिलं. रंभाबाईनं ते पाहिलं. तिला वाटलं होतं तेवढा संताप आला नाही. तिच्या मनात आलं ते असं: आता निदान कुण्या पोराला पोत्यात भरून आणावी लागणार नाही. पिणारा पिईल, पण गावचं पोर तुरुंगात तरी जाणार नाही. नागपूरच्या रस्त्यावर ओरडणाऱ्या रंभाबाईनं हे ऐकलं असतं, तर ती थुंकली असती. पण ती बाई आता कुठं होती? साठीला आलेली रंभाबाई ओट्यावर बसून दिव्यानीची वेणी घालत होती.

आणि मग प्रवीण प्यायला लागला. आधी बाजाराच्या दिवशी, मग अधल्यामधल्या दिवशीही. त्यानं हात उचलला नव्हता, भांडी फोडली नव्हती. पण चंचलनं सासऱ्याचं सगळं पाहिलं होतं. तिला वाट पाहायची नव्हती. ती बचत गटातल्या बायांना भेटली, सह्या-अंगठे गोळा केले, चंद्रपूरला दोनदा जाऊन आली. शेवटी हुकूम निघाला: भिवटोल्यात दुकानावर बायांचं मतदान होणार.

हे मतदान वेगळं असतं. कागदावर दोन बाटल्या, एक उभी आणि एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर म्हणजे बंद करा. यादीतल्या अर्ध्याहून जास्त बायांनी आडवी केली तरच दुकान बंद होतं. जी बाई घरी बसते, ती आपोआप उभीच्या बाजूनं मोजली जाते.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात सासू-सुना अंगणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आई, रविवारच्या सभेत तुमी बोला," चंचल म्हणाली. "तुमचं ऐकतात बाया."

"मी नाई बोलत."

"बरं, बोलू नोका. नुसत्या समोर बसा."

रंभाबाईनं हातातली शेंग सोलून दाणे टोपल्यात टाकले. "चंचल, तुले आधीच सांगून ठेवतो. मी उभी करीन."

चंचलचे हात थांबले. सासू थट्टा करत नाही, हे तिला माहीत होतं.

"बाटली आडवी झाल्यानं दारू आडवी होत नाई," रंभाबाई म्हणाली. "ते मांगच्या दारानं येते. अन् आणणारे आपलेच पोट्टे असतात. मी पाह्यलं."

"मंग का करू? तुमच्या पोरानं मामंजीसारखं पोट फुगवाची वाट पाहू?"

"तसं नाई म्हटलं."

"तुमी नागपूरले निगाल्या, तेव्हा तुमाले कोणी असं सांगतलं असतं, तं तुमी थांबल्या असत्या का?"

रंभाबाईनं विचार केला. "नाई," ती म्हणाली.

चंचल टोपली उचलून आत निघून गेली. संध्याकाळी प्रवीणला हे कळलं. तो खुशीत आईजवळ येऊन बसला. "आई बरोबर म्हणते. बंदीनं काई होत नाई. समजदार माणसाले समजते ते." त्याच्या तोंडाला वास येत होता. रंभाबाईनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी पांढरी गाडी थांबली. नानाजी खाली उतरला, चपला काढून ओट्यावर बसला आणि पाणी मागून प्यायला. त्याचे केस आता पांढरे झाले होते, बोलणं मऊ.

"बाई, तुमचा विचार ऐकला. आनंद वाटला," तो म्हणाला. "तरुणपणी रगत गरम असते, माणूस काईबी करते. उमर झाली का अक्कल येते. तुमाले आली, मलेही आली. तुमी दोन बायांले सांगतलं तं बरं होईन."

रंभाबाई उभी राहिली. "भाऊ, मले पऱ्ह्यात पाणी सोडाले जाचं आहे," ती म्हणाली. हिवाळा होता. धानाच्या रोपांचं पऱ्हं या दिवसांत कुठं होतं? नानाजीलाही ते कळलं. तो हसला, चपला घातल्या आणि गेला.

ती कितीतरी वेळ ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. हे मत तिनं वर्षानुवर्षं एकटीनं, आतल्या आत घडवलं होतं. ते तिच्या दुःखातून आलं होतं. आणि आता त्या मताला सोबत कोणाची, तर पिणाऱ्या पोराची आणि त्याला पाजणाऱ्याची. मत खोटं ठरत नव्हतं. पण त्या मतात राहणं तिला अवघड वाटू लागलं.

एक जागा उरली होती जिथं या मताला मान मिळेल, असं तिला वाटलं. ती गिरजाबाईकडं गेली. आठ-नऊ वर्षांत त्या घराचा उंबरा तिनं ओलांडला नव्हता. गिरजाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं पोतं पसरून दिलं. दोघी बसल्या.

"गिरजे, मी येत्या मतदानात उभी करीन," रंभाबाई म्हणाली.

"ऐकलं."

"बंदी झाली का पुन्हा कोण्यातरी मायचा डोमा जाईन. म्हणून."

गिरजाबाईनं हातातला पाला खाली टाकला. तिचा चेहरा बदलला नाही, आवाज मात्र बदलला.

"माह्या पोराच्या नावानं दारूचं दुकान ठेवतेस का, रंभे?"

रंभाबाई उठू लागली, तशी गिरजाबाईनं तिला हाताला धरून बसवलं.

"त्या दिवशी तू फोन केला नसता तं मी केला असता. माहा हात उठला नाई म्हणून तुह्यावर टाकलं मी. त्याच्याचपायी तुले तोंड दाखवाची मले लाज वाटे, म्हणून मी तुह्याकडं आली नाई. तुले वाटलं मी रुसली. माहा नवरा गुडघाभर पाण्यात मेला. मी आडवी करीन. दहा वेळा करीन. दारू मांगच्या दारानं येईन, तं मांगच्या दारी बसू. तुले उभी कराची तं कर. पण तुह्या नावानं कर. डोमाच्या नावानं नोको."

घरी येताना रंभाबाई कालव्याच्या काठानं आली. तिनं आपल्या नावाचं कारण शोधून पाहिलं. कायदा पुरा पडत नाही, हे खरं होतं. सरकार अर्ध्या वाटेवर हात सोडतं, हेही खरं. पण त्या खाली आणखी काही होतं. ती थकली होती. पुलावर बसून, ठाण्याच्या चकरा मारून, नवऱ्याचे पाय चेपून थकली होती. आणि त्या थकव्याला ती इतकी वर्षं शहाणपण म्हणत आली होती. किती शहाणपण आणि किती थकवा, हे तिला निवडता येईना. तांदळातून खडे काढावेत तसं ते वेगळं होत नव्हतं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली. नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्यांना पोरींनी खुर्चीवर बसवून आणलं होतं. चंचल फाटकापाशी उभी होती, सासूशी बोलली नाही. गिरजाबाई पुढं होती, मत देऊन सरळ निघून गेली. रंभाबाईची पाळी आली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं तिनं कागद पसरला. दोन बाटल्या, शाळेतल्या पोरानं काढाव्यात तशा साध्या. तिनं शिक्का घेतला आणि आडवीवर मारला. शाई नीट उमटली आहे ना पाहिलं, घडी घातली, पेटीत टाकली.

निकाल त्याच संध्याकाळी लागला. आडवी जिंकली, पण अगदी थोडक्यात. बायांनी गुलाल आणला होता. चंचल घरी आली तेव्हा तिच्या केसांत, कानांत गुलाल होता. रंभाबाई चुलीपुढं बसली होती.

"मी आडवी केली," तिनं सांगितलं.

चंचल खाली बसली. "मंग त्या दिवशी काऊन तसं बोलल्या?"

"ते खरंच आहे. माहं म्हणणं आजही तेच आहे. पाय तू, दोन महिन्यांत पोत्यातून येईन."

"म्हणणं एक अन् शिक्का दुसरा?"

रंभाबाईनं लाकूड पुढं सारलं. "म्हणणं माह्या उमरीचं आहे. गावात तुले राहाचं आहे, दिव्यानीले राहाचं आहे." मग ती सुनेकडं वळली. "एक गोष्ट आईक. पोट्टा सापडला तं त्याले धरून ठाण्यात नोको धावू. पहिले मालकाच्या दारात जा. मी वाहणाऱ्याले धरलं, मालकाच्या दारी बसली नाई. बस, एवढं."

चंचलनं मान हलवली. त्या रात्री प्रवीण जेवला नाही आणि कुणी त्याची समजूतही काढली नाही.

महिन्याभरानं दुकानाला सील लागलं. पाटी उतरली. रंभाबाईनं सांगितलं होतं त्याहून थोडी उशिरा, पण दारू आलीच. चंचल आणि बाया भरदुपारी नानाजीच्या राइस मिलच्या फाटकात जाऊन बसल्या, भाकरी बांधून. दोन दिवस मिल बंद राहिली. तिसऱ्या दिवशी त्यानं हात जोडले. त्यानं धंदा सोडला नाही, दुसऱ्या गावाला हलवला, असं लोक म्हणतात. भिवटोल्यात दारू कमी झाली, संपली नाही. प्रवीण पिण्यासाठी कालव्यापलीकडं जातो, पण रोज जायचा कंटाळा येतो म्हणून बाजाराच्या दिवशीच. चंचल म्हणते, एवढं तं झालं. रंभाबाई त्यावर हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. त्यानंतरच्या निवडणुकीला कुणाला मत दिलं, हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नाही.

उन्हाळ्यात डोमाचा फोन आला. त्यानं तिकडंच लग्न केलं होतं, आणि आता मुलगी झाली होती. त्यानं आईला बोलावलं. गिरजाबाईनं लुगडं बदललं, पिशवीत तांदळाचे लाडू भरले आणि बस यायच्या आधी शेळ्या घेऊन रंभाबाईच्या दारी आली.

"कधी येशीन?" रंभाबाईनं विचारलं.

"पाह्यतो. पोट्टीले पाहून येईन. ते काळी शेळी गाभण आहे, तिले लांब नोको नेऊ."

"नाई नेत."

बस गेली. दुपार उतरू लागली तशी रंभाबाई शेळ्या घेऊन बोडीच्या बाजूला गेली, आणि सावल्या लांबायच्या आत, काळीला पुढं घालून, सगळ्यांना घराकडं वळवलं.